एकाच अंड्यात दोन निरोप

मासे उजेडाची वाट बघत असतात. मत्स्यगृहातले दिवे सकाळी आपोआप लागतात आणि त्यानंतरचा तासभर आमच्यासाठी दिवसातला सगळ्यात धावपळीचा. लहान टाक्यांमध्ये एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी, मध्ये पारदर्शक पडदी. आदल्या संध्याकाळी तसं ठेवून दिलेलं असतं. सकाळी पडदी उचलायची. पाण्यात जराशी पळापळ होते आणि मग तळाच्या जाळीतून अंडी खाली पडायला लागतात. मोहरीएवढी, काचेसारखी आरपार.

"दुसऱ्या टाकीतल्या बाईसाहेब रुसल्यात," रेडिओ म्हणाला. "नवरा बिचारा कोपऱ्यात उभा आहे."

रेडिओ माझ्याबरोबरीचा संशोधक. आरएनएमधली अक्षरं संगणकावर वाचायची आणि त्यांचा अर्थ लावायचा, हे त्याचं काम. तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव पडलं. त्याची त्याला हरकत नाही. आमच्याकडच्या बातम्या खऱ्या असतात, एवढंच तो ऐकवतो.

"तू बडबड थांबव, म्हणजे त्यांना सुचेल काहीतरी," मी म्हटलं आणि गाळणीत जमलेली अंडी बशीत उलटी केली.

त्या दिवशी आम्हाला नेहमीपेक्षा जास्त अंडी हवी होती. बाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं एका मोठ्या परिषदेला निघणार होत्या. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई'च म्हणतात. त्यांच्या भाषणात सगळं माझं चार वर्षांचं काम होतं, आणि त्यांना त्यासाठी अजून काही चांगले फोटो हवे होते.

ते काम असं. अंडं फळलं तरी सुरुवातीला त्याची स्वतःची जनुकं गप्पच असतात. पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत जातात, पण हा संसार चालतो तो आईनं अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या निरोपांवर. हे निरोप म्हणजे संदेशवाहक आरएनएचे लांब धागे; अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा, असं सांगणारे. काही तासांनी मात्र आईचे निरोप काढून टाकावे लागतात, म्हणजे पिल्लाचे स्वतःचे सुरू होतात. कुठला निरोप काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे पेशीला कसं कळतं? तर निरोपातल्या काही अक्षरांवर एक बारीकशी खूण असते. मिथाइल म्हणतात तिला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस. अक्षर तेच राहतं, निरोपाचा अर्थही तोच राहतो, फक्त त्याचं नशीब बदलतं. पेशीत एक प्रथिन असतं, त्याला आम्ही 'वाचक' म्हणतो. त्याला ती खूण दिसली की तो निरोप मोडीत निघतो.

आमच्याकडे माशांचं एक घराणं होतं, ज्यातल्या माद्यांमध्ये हा वाचकच नव्हता. त्यांच्या अंड्यांत आईचे निरोप वेळ उलटून गेली तरी रेंगाळत होते, आणि पिल्लं वाढीत मागे पडत होती. हे मी पुन्हा पुन्हा बघितलं होतं. त्यावर माझा विश्वास होता.

अंडी बशांत भरून मी इन्क्युबेटर उघडला. आमच्याकडे एक नियम होता: साधी अंडी वरच्या कप्प्यात, वाचक नसलेली खालच्या कप्प्यात. दोन्ही प्रकारची अंडी दिसायला अगदी सारखी, अदलाबदल झाली तर पंचाईत, म्हणून हा नियम. मी यायच्या आधीपासून तो चालत आलेला. त्या दिवशी वरचा कप्पा भरला. साध्या अंड्यांची एक बशी उरली. मी तिच्यावर ठळक अक्षरात 'साधी' असं लिहिलं आणि ती खाली सरकवली.

जेवणाच्या सुमाराला मी बशा काढून मायक्रोस्कोपखाली बघायला बसले. वरच्या कप्प्यातली साधी अंडी नेहमीसारखी छान पुढे गेली होती. पेशींची टोपी पिवळ्या बलकावरून निम्म्याच्या खाली उतरली होती. वाचक नसलेली मागे, तेही नेहमीसारखंच. मग मी खालच्या कप्प्यातली ती उरलेली बशी घेतली.

तीही मागे होती.

मी झाकणावरचं अक्षर बघितलं. 'साधी'. अक्षर माझंच. माशांची टाकी आठवून बघितली. शंकेला जागा नव्हती.

मी थर्मामीटर आणला, वर ठेवला, खाली ठेवला, पुन्हा वर, पुन्हा खाली. इन्क्युबेटरच्या दारावरचा आकडा फक्त वरच्या कप्प्याचं तापमान दाखवतो. खालचा कप्पा चक्क दीड अंशानं थंड होता. वाकून बघितलं तर दाराचं रबर खालच्या बाजूला फाटलेलं. तिथून बोटाला गार हवा लागत होती.

"काय शोधतेयस खाली? कानातलं पडलं का?" रेडिओनं विचारलं.

मी त्याला थर्मामीटर दाखवला, मग बशी दाखवली. तो मायक्रोस्कोपवर वाकला आणि बशा आलटून पालटून बघू लागला.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "म्हणजे आपली पिल्लं वाचक नाही म्हणून मागे पडत नव्हती. ती गारठली होती."

"आणि पिल्लू मागे असेल तर त्याच्यात आईचे निरोप शिल्लक असणारच," मी म्हटलं. "त्याची वेळच झालेली नसते. आपण वाढ न बघता नुसतं घड्याळ बघून अंडी उचलत होतो."

"सगळं गेलं?"

"माहीत नाही. तेच तर. काहीच माहीत नाही आता."

बाई त्यांच्या खोलीत भाषणाची चित्रं पुढेमागे लावत होत्या. मी बशी आणि थर्मामीटर दोन्ही टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"किती वेळा मोजलंस?"

"अदलून बदलून मोजलं, बाई. रबर फाटलंय."

त्यांनी चष्मा काढला. "साधी वर, आपली खाली. हा नियम माझा आहे. प्रयोगशाळेच्या पहिल्या वर्षी कोणीतरी बशांचा घोळ घातला होता, तेव्हा मीच तो नियम घालून दिला." मग जरा हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "घोळ टाळायला केलेला नियम. बघ आता."

"परिषदेचं काय करायचं?" रेडिओनं दारातून विचारलं.

"खरं असेल तर बोलेन. नसेल तर उभी राहून सांगेन की आम्ही चुकलो. आजारी पडले म्हणून घरी बसणार नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "पण मला अंदाज नकोय. ती खूण निरोप मोडते का नाही, हे उद्या गाडीत बसायच्या आधी सांग."

बाहेर आल्यावर रेडिओचा आवाज परत आला. "सगळी अंडी वरच्या कप्प्यात ठेवून पुन्हा आरएनए मोजू."

"त्याला दोन आठवडे लागतील. तुझंच यंत्र आहे."

"मग थोडी अंडी वर, थोडी खाली, मग अदलाबदल..."

"तरी कोणी म्हणेलच, बशीत पाणी कमी होतं, हिची आई म्हातारी होती. दोन अंडी कधी सारखी असतात का?"

"नसतात. मग काय करायचं?"

मी जिन्यात थांबले. "मग दोन अंडी घ्यायचीच कशाला?"

तो दोन पायऱ्या खाली जाऊन मागे वळला.

"एकच अंडं घ्यायचं," मी म्हटलं. आता मला शब्द पुरेनात. "त्याच अंड्यात दोन निरोप घालायचे. एक हिरवा चमकणारा, एक लाल चमकणारा. हिरव्यावर खुणा लावलेल्या, लालवर एकही नाही. बाकी दोघं जुळे भाऊ. मग अंडं गारठू दे, तापू दे, मागे पडू दे. जे काय होईल ते दोघांना सारखंच होईल ना? हिरवा आधी विझला तर दोष कप्प्याचा नाही. खुणेचाच."

"आणि साध्या अंड्यातही तेच करायचं, वाचक नसलेल्यातही!" रेडिओ ओरडला. खालून जाणाऱ्या दोघांनी वर बघितलं. "साध्यात हिरवा विझेल, लाल राहील. वाचक नसलेल्यात दोन्ही राहतील. आणि हे डोळ्यांनी दिसेल. मोजायलाच नको!"

"रंग लवकर विरणारे हवेत. नाहीतर निरोप मोडला तरी आधी बनलेलं प्रथिन तसंच चमकत बसेल."

"आहेत! मी मागे बनवून ठेवले होते. बाई म्हणाल्या होत्या, एवढा थाट कशाला."

दुपारभर आम्ही शीतपेटी उपसली. त्याच्या डब्यांवर त्यानं काय लिहून ठेवलं होतं ते त्याचं त्यालाच लागेना. शेवटी सापडलं. खूण लावलेलं अक्षर विकत मिळतं, पांढऱ्या भुकटीच्या रूपात. नवे निरोप बनवताना ते हिरव्याच्या नळीत मिसळलं, लालच्या नळीत साधं अक्षर. मग मला एक गोष्ट खटकली आणि मी उलटी जोडीही बनवली: खुणा लालवर, हिरवा कोरा. रेडिओ म्हणाला, तुझी शंका कधी झोपते का? मी म्हटलं, तुझ्या तोंडाइतकीच.

घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत आईचं मशीन चालू होतं. शाळा उघडायच्या आधी तिच्याकडे गणवेशांचा ढीग असतो. मी ढीग बाजूला सारून बसले.

"चेहरा का उतरलाय? मासे मेले का?"

"मासे मजेत आहेत. आम्हीच मेलोय."

मी तिला सगळं सांगितलं. निरोपावरची खूण कशी असते ते तिला पूर्वीच पटलेलं होतं, कारण तिच्या टेबलावर खडू पडलेला असतो. खडूनं कापड बदलत नाही, पण कुठे कापायचं ते ठरतं.

"म्हणजे खूण आहे, पण कात्री तिच्यामुळे चालते की नाही, तेच माहीत नाही तुम्हाला?"

"अगदी बरोबर."

"चार वर्षं काय करत होतात मग?"

"आई!"

"बरं बाई, नाही बोलत." तिनं चाक हातानं थांबवलं. "आणि उद्या नाही निघालं खरं, तर?"

"तर सगळं पहिल्यापासून."

"मग उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. मी काय कमी उसवलंय? तुझ्या मावशीच्या लग्नातला तो झगा तीनदा उसवला. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा ती म्हणे, पहिलाच बरा होता." ती पुन्हा मशीनकडे वळली. "जेवून घे आधी. रिकाम्या पोटी हात थरथरतात तुझे."

हे मात्र खरं होतं. उद्या हात थरथरून चालणार नव्हतं.

सकाळी दिवे लागले. आम्ही पडद्या उचलल्या. साध्या टाक्यांत अंडी पडली. वाचक नसलेल्या माद्या नुसत्या फिरत राहिल्या.

"घाल ना गं बाई," रेडिओ टाकीला नाक लावून विनवत होता. "एरवी रोज घालतेस. आजच काय नखरे?"

"लांब हो. तुझं तोंड बघून घाबरल्यात त्या."

तो खरंच भिंतीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. आणि काय सांगू, जाळीखाली पहिलं अंडं दिसलं. मग दुसरं. मग भराभर.

आता पळायचं होतं. अंड्याची एक पेशी दुभंगून दोन व्हायच्या आधी सुई गेली पाहिजे. काचेची सुई केसाहून बारीक, तिच्यात दोन्ही निरोपांचं मिश्रण. खाचांमध्ये रांगेनं बसवलेली अंडी. टोचायचं, पायाखालचं बटण दाबायचं, एक इवलासा थेंब आत जातो, सुई बाहेर, पुढचं अंडं. माझा श्वास सुईच्या लयीत चालू झाला. रेडिओ बशा देत होता आणि चक्क कुजबुजत होता. साधी झाली, वाचक नसलेली झाली, उलटी जोडी दोन्हींत झाली. सगळ्या बशा वरच्या कप्प्यात, एका ओळीत. खालचा कप्पा मी रिकामा ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

मग वाट बघणं. मी त्या वेळात टेबल पुसलं, सुया मोजल्या आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडं पिवळसर दिसत होतं. हिरवा आणि लाल एकमेकांवर पडून पिवळा. साधी असोत की दुसरी, सगळी पिवळी. इतकी सुंदर की रेडिओसुद्धा नुसतं "आहा" म्हणाला. पण त्यात उत्तर नव्हतं. एवढंच कळलं की निरोप आत पोचले आणि त्यांच्यापासून प्रथिनं बनतायत.

दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, साधी अंडी जरा नारिंगी झालीत. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. रेडिओला बोलावलं, कुठली बशी कुठली ते सांगितलं नाही.

"ही नारिंगी," तो म्हणाला. "आणि ही पिवळी. नारिंगी कुठली? सांग ना. अगं सांग!"

"साधी."

त्यानं टेबलावर अशी थाप मारली की बशा हलल्या. मी त्याला खरोखरच ओरडले. मग मलाच हसू आवरेना.

तिसऱ्यांदा बघायची वेळ आली तेव्हा बाई प्रवासाची बॅग घेऊनच खोलीत आल्या. "बाहेर गाडी उभी आहे," एवढंच म्हणाल्या. मी दिवा घालवला आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

साधी अंडी लाल झाली होती. निखाऱ्यासारखी लाल, हिरव्याचा मागमूस नाही. शेजारच्या बशीतली वाचक नसलेली अंडी अजून पिवळी. बाईंनी बशी पुढे सरकवली, मागे घेतली, पुन्हा पुढे.

"हिरवा रंगच मुळात लवकर विझत असेल तर?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता, पण बॅगेचा पट्टा त्यांनी मुठीत आवळला होता.

मी तिसरी बशी ठेवली. "ही उलटी जोडी. खुणा लालवर आहेत."

त्यांनी डोळा लावला. साधी अंडी हिरवीगार. लाल विझला होता.

"अगं..." बाई म्हणाल्या. मग एकदम उठल्या, माझे दोन्ही खांदे धरले आणि हलवले. "खूणच आहे! अगं, खूणच आहे ती!"

"कप्पा कुठलाही असो!" रेडिओ ओरडला.

"वाढीचं मात्र गेलं," मी म्हटलं. सांगायलाच हवं होतं. "एकाच कप्प्यात ठेवली तर दोन्ही पिल्लं जवळजवळ बरोबरीनं वाढतायत. मागे पडतात ते थंडीनं. भाषणातली ती चित्रं काढावी लागतील."

"काढते. निम्मं भाषण काढते. उरलेलं निम्मं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन." त्यांनी बॅग उचलली. दारापर्यंत गेल्यासुद्धा.

मी शेवटचा फोटो घ्यावा म्हणून वाचक नसलेल्या अंड्यांची बशी पुन्हा मध्ये आणली. आणि थांबले. मघाशी ती पिवळी होती. आता तिच्यातही कडेनं नारिंगी चढत होतं. उलट्या जोडीची बशी घेतली. तिथे हिरवट चढत होतं. सावकाश, साध्या अंड्यांपेक्षा खूप उशिरा, पण दोन्हीकडे खूण लावलेलाच निरोप मरत होता. कोरा तसाच होता.

"बाई," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की रेडिओनंच मोठ्यानं हाक मारली. "बाई! जाऊ नका!"

"आता काय?"

"यांच्यात वाचक नाही," मी म्हटलं. "तरी खूण कोणीतरी वाचतंय."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. अंधारात फक्त मायक्रोस्कोपचा पंखा घरघरत होता. मग बॅग जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"दुसरा वाचक," रेडिओ म्हणाला. "हळू वाचणारा. अभ्यासात कच्चा असेल."

"गप्प बस रे," बाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात ऊन पडलं होतं. त्या परत आल्या, मला बाजूला ढकलून खुर्चीवर बसल्या आणि डोळा लावला.

"त्या बाहेरच्या गाडीवाल्याला जायला सांग," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि पुढची आगगाडी कधी आहे ते बघ."

"संध्याकाळी आहे, पण ती दर स्टेशनात थांबते, बाई."

"थांबू दे. मला वाटेत सगळं नव्यानं लिहायचंय." त्यांनी डोळा न काढताच हात मागे केला. "ती दुसरी बशी दे. आणि तू काय बघत उभी आहेस? सुया भर. आज अंडी अजून शिल्लक आहेत ना?"

शिल्लक नव्हती. उद्या सकाळी दिवे लागेपर्यंत थांबावं लागणार होतं. मी तरीसुद्धा सुया काढायला धावले.